साडेपाचशे येनचं काळं पाणी

जानेवारीतल्या एका सोमवारी संध्याकाळी आमच्या घरातला गिझर बंद पडला. भिंतीवरच्या इवल्याशा पडद्यावर तीन आकडी नंबर लुकलुकायला लागला आणि नळातून असं पाणी यायला लागलं की भांडी विसळताना बोटं माझीच आहेत का अशी शंका यावी. घरमालकाच्या एजंटला फोन केला. त्यानं चार वेळा माफी मागितली आणि माणूस शुक्रवारी येईल असं सांगितलं.

पहिला दिवस पातेल्यात पाणी तापवून काढला. मी चिपळूणची. लहानपणी तांब्याच्या बंबात सोडणं घालत वाढलेल्या मुलीला त्यात काय मोठंसं? पण चाळीस चौरस मीटरच्या फ्लॅटमध्ये, बाहेर तापमान दोन अंश असताना, उकळत्या पाण्याचं पातेलं दोन दरवाजे पार करून न्यायचं म्हणजे सर्कस होती. दुसऱ्या दिवशी कचरा ठेवायला खाली गेले तर वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. मी माझं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हात लांब करून गल्लीच्या टोकाकडे दाखवलं. "सेन्तो आहे की!"

सेन्तो म्हणजे सार्वजनिक स्नानगृह. ते आहे हे मला माहीत होतं. वर्षभर रोज मी त्याच्यासमोरून भाजी आणायला जात होते. सिमेंटची तीन मजली साधी इमारत, दारावर निळा पडदा आणि त्यावर 'यु' हे एकच ठसठशीत अक्षर. यु म्हणजे गरम पाणी. जपानमध्ये येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. पहिली पाच टोकियोच्या निशी-कासाईत गेली, जिथे इडलीच्या पिठापासून गणपतीच्या आरतीपर्यंत सगळं मिळतं. मग नवऱ्याचं ऑफिस कावासाकीला गेलं म्हणून आम्ही कामाताला आलो. या सगळ्या काळात एकदाही मी सार्वजनिक स्नानगृहात पाऊल टाकलं नव्हतं. हाकोनेला गेलो तेव्हासुद्धा नवरा ओनसेनमध्ये, म्हणजे ऊन झऱ्याच्या पाण्यात, डुंबून आला आणि मी बाहेर पावलं बुडवायच्या कुंडापाशी सलवार गुडघ्यापर्यंत सरकवून बसले. कारण उघड होतं. अनोळखी बायकांसमोर सगळे कपडे काढायचे. सगळे म्हणजे सगळे. पोहण्याचा पोशाखसुद्धा चालत नाही.

गुरुवार उजाडेपर्यंत माझी लाज आणि माझे केस यांच्यात केस जिंकले.

कामाता हा काही टोकियोचा दिमाखदार भाग नव्हे. दक्षिणेकडच्या ओता वॉर्डातलं हे स्टेशन. एका अंगाला हानेदा विमानतळ, दुसऱ्या अंगाला तामा नदी आणि नदीपलीकडे कावासाकी. गल्लीबोळांत लेथ आणि ड्रिलिंगची लहान लहान वर्कशॉपं आहेत, काही ठिकाणी तळमजल्यावर मशीन आणि वर मालकाचा संसार. 1983 च्या सुमारास या एका वॉर्डात असे नऊ हजारांहून जास्त कारखाने होते. आता निम्मेही उरले नाहीत. दिवसभर तेलात आणि लोखंडाच्या किसात हात घालणाऱ्या माणसांना संध्याकाळी अंग धुवायला जागा हवी असायची आणि भाड्याच्या खोल्यांना न्हाणीघर नसायचं. टोकियोतले सगळ्यांत जास्त सेन्तो आजही याच वॉर्डात आहेत. सेन्तो या शब्दातच नाणं आणि गरम पाणी दोन्ही आहे. नाणं टाका, आंघोळ करा.

पण कामाताची खासियत वेगळी आहे. इथल्या बऱ्याच सेन्तोंत नळाचं पाणी तापवत नाहीत, जमिनीतून उपसलेलं पाणी तापवतात, आणि ते पाणी काळं असतं. काळं म्हणजे मळकं नव्हे. कोऱ्या चहासारखं, किंवा खरं सांगायचं तर आमच्याकडे शिकेकाई उकळून गाळल्यावर जे पाणी राहतं तसं. कधीकाळी इथे गाडल्या गेलेल्या वनस्पती हजारो वर्षं कुजत राहिल्या, त्यांचा अर्क भूजलात उतरला. जपानी लोक त्याला कुरोयु म्हणतात, काळं गरम पाणी. गंमत अशी की ते जमिनीतून येतं तेव्हा गरम नसतंच. सतरा-अठरा अंश, म्हणजे आपल्या माठातल्या पाण्यापेक्षाही गार. तरी कायद्यानं ते ओनसेन. 1948 च्या कायद्यात लिहिलंय की पाणी 25 अंश किंवा त्याहून ऊन असलं, किंवा ठरवून दिलेल्या 19 घटकांपैकी एखादा घटक त्यात पुरेसा असला, की झालं.

माझ्या आजोळी हे सांगितलं तर हसतील. आजोळ संगमेश्वर तालुक्यात. आरवली, तुरळ, राजवाडी या आमच्या ओळखीच्या जागा, जिथे पाणी जमिनीतूनच वाफाळत येतं आणि गंधकाचा वास रस्त्यापर्यंत पोचतो. उन्हाळे म्हणजे ऊन पाणी, त्यात कायद्याचा काय संबंध? आजी गुडघे दुखायला लागले की पहाटेच्या अंधारात आरवलीच्या कुंडावर जायची आणि लुगड्यासकट पाण्यात बसायची. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, वर पदर डोक्यावर. मी काठावर बसून तिचं कोरडं लुगडं सांभाळायची. त्या लुगड्याच्या आत आजी कशी होती ते मला माहीत नाही.

तर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला आम्ही दोघं निघालो. दारात बूट ठेवायचे लाकडी कप्पे. कप्पा बंद केला की त्याची किल्ली म्हणजे एक लाकडी पाटी हातात येते, तळहाताएवढी, खाचा पाडलेली. मी रिकामा दिसला तो 16 नंबर घेतला. (नंतर कळलं की तो एका आजींचा. लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.) गल्ल्यावर माणशी 550 येन दिले. महागाईच्या या शहरात हा आकडा मालकाच्या मर्जीवर नसतो. युद्धानंतर भाव आवरण्यासाठी 1946 साली जो हुकूम निघाला, त्याच्या आधारानं आजही सेन्तोच्या दराची कमाल मर्यादा सरकार ठरवतं. तांदूळ सुटला, बाकी सगळं त्या हुकमाच्या तावडीतून सुटलं, आंघोळ मात्र राहिली. त्यामुळे साधं पाणी असो नाहीतर जमिनीतलं काळं, सेन्तो म्हणून नोंद असेल तर दर तोच.

गल्ल्यावरच्या बाईंनी माझा चेहरा वाचला असावा. त्यांनी न बोलता चित्रांचा एक प्लास्टिक लावलेला कागद पुढे सरकवला. आधी अंग धुवा, मग पाण्यात उतरा. टॉवेल पाण्यात बुडवू नका. केस बांधा. अंग पुसून मगच कपड्यांच्या खोलीत या. नवरा उजवीकडच्या निळ्या पडद्याआड गेला, मी डावीकडच्या तांबड्या.

आतल्या खोलीत लॉकर, एक जुना वजनकाटा आणि नाणं टाकून चालवायचा केस वाळवायचा यंत्र-टोप लावलेली खुर्ची. एक आजी नखं कापत होत्या. मी कोपऱ्यातला लॉकर शोधला, भिंतीकडे तोंड केलं आणि पाच मिनिटं मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखं केलं. मग एकेक करून कपडे काढले आणि शेवटी चष्मा.

चष्म्याचं सांगायलाच हवं, कारण त्यानंच मला वाचवलं. माझा नंबर उणे सहा. चष्मा काढला की जग पुसट होतं, माणसं म्हणजे फक्त रंगाचे ठिपके. आणि मन असं वेडं की मला ती दिसत नाहीत म्हणजे मी त्यांना दिसत नाही, असा त्यानं सोयीस्कर समज करून घेतला. मांजर डोळे मिटून दूध पितं ते हेच.

काचेचं दार सरकवलं आणि वाफ अंगावर आली. उंच छत, पांढऱ्या टाइल्स, भिंतीला लागून गुडघ्याच्या उंचीवर नळांची रांग आणि प्रत्येक नळापुढे प्लास्टिकचं बुटकं स्टूल. शेजारी पिवळ्या तसराळ्यांचा ढीग. या पिवळ्या तसराळ्यांच्या तळाशी 'केरोरिन' असं लाल अक्षरात लिहिलेलं असतं. ती डोकेदुखीच्या औषधाची जाहिरात आहे आणि 1963 पासून ती जपानभरच्या न्हाणीघरांत फिरते आहे. टोकियोतलं तसराळं मोठं, ओसाकाकडचं थोडं लहान. कारण तिकडे लोक हौदातूनच पाणी उपसून अंगावर घेतात, मोठं तसराळं भरून उचलायला जड जातं.

स्टुलावर बसले, तसराळं भरलं, खांद्यावरून पाणी ओतलं आणि मला हसू आलं. हे मला येत होतं! बुटक्या पाटावर उकिडवं बसायचं, पुढे पाणी, हातानं अंगावर घ्यायचं. ही तर आमच्या चिपळूणच्या मोरीतली आंघोळ. शॉवरखाली उभं राहायला मी मुंबईत नोकरीला लागल्यावर शिकले. इतकी वर्षं ज्या जागेला घाबरत होते तिथे मी सगळ्यांत आधी ओळखीच्या आसनावर बसले.

फरक वेळेचा होता. मी चार तसराळ्यांत उठायच्या बेतात होते. आमच्याकडे आंघोळ उरकतात. 'आटप लवकर, पाणी निवतंय', 'मागे दोघं थांबलेत', हे ऐकत माझं सगळं बालपण गेलं. शेजारच्या बाई मात्र पायाचं एकेक बोट घासत होत्या. मग टाच. मग घोटा. माझ्याआधीपासून बसलेल्या होत्या आणि अजून गुडघ्यापर्यंतच पोचल्या होत्या. मी परत खाली बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कानामागे. कोपर. बेंबी. किती वर्षांत मी माझ्या टाचांकडे पाहिलं नव्हतं कोण जाणे. वजरी असती तर बरं झालं असतं.

आणि मग मी चुकीच्या हौदात शिरले. कोपऱ्यात एक अरुंद, एका माणसापुरती जागा रिकामी दिसली. भिंतीवर पाटी होती, पण चष्मा लॉकरमध्ये. आत बसले आणि कमरेतून झिणझिण्या निघाल्या, मांडीचा स्नायू आपोआप आखडला. मी किंचाळून उभी राहिले. तो देन्किबुरो होता, पाण्यातून मुद्दाम हलका वीजप्रवाह सोडलेला हौद. पाठदुखीवर म्हणे उत्तम. ज्या देशात केस वाळवताना ओल्या हातानं प्लगला हात लावू नका म्हणून सूचना असते, तिथे लोक पैसे देऊन विजेच्या पाण्यात बसतात. पलीकडच्या हौदातले तीन ठिपके मोठ्यानं हसले. एक ठिपका म्हणाला, "बिरिबिरि देशोऽ?" बिरिबिरि म्हणजे झिणझिण्या. सगळ्यांनी एकदम पाहावं अशी भीती ज्या जागी सहा वर्षं बाळगली, तिथे सगळ्यांनी पाहिलं. आणि झालं काहीच नाही. त्या ठिपक्यानं सरकून मला काळ्या हौदात जागा करून दिली.

काळ्या पाण्यात हात घातला की मनगट दिसेनासं होतं. मानेपर्यंत बसलं की खाली तुम्ही आहात की नाही हे फक्त तुम्हाला माहीत. पाण्याचंच लुगडं. त्वचेला रिठ्यासारखं बुळबुळीत लागतं, कारण त्यात सोड्याचा क्षार असतो. बेचाळीस अंश होते. पहिलं मिनिट चटका, दुसरं मिनिट हृदयाचे ठोके कानात आणि तिसऱ्या मिनिटाला खांदे आपणहून खाली आले. शेजारची आजी लांब श्वास सोडून पुटपुटली, "गोकुराकु, गोकुराकु." हा शब्द मला माहीत होता. अमिताभ बुद्धाची जी सुखावती, पश्चिमेकडचं सुखाचं भुवन, तिचं हे चिनीमार्गे आलेलं जपानी नाव. संस्कृतातून निघालेला स्वर्ग कामाताच्या हौदात सापडला, तोही साडेपाचशे येनमध्ये.

वरून आवाज आला. पुरुषांची आणि आमची मधली भिंत छतापर्यंत जात नाही, वरचा भाग मोकळा असतो. पूर्वी नवरे तिकडून ओरडायचे, "निघतोय मी," आणि बायका इकडून, "साबण फेका!" आमच्या नवऱ्यालाही हे कुणीतरी सांगितलेलं दिसलं. त्यानं शुद्ध मराठीत हाक मारली, "अगं, जिवंत आहेस ना?" माझ्या हौदातल्या आज्यांना शब्द कळले नसणार, पण सगळ्या हसल्या. नवऱ्याच्या हाकेला भाषांतर लागत नाही.

बाहेर आल्यावर त्यानं आनंदानं सांगितलं, "काय सुंदर फुजी काढलाय गं भिंतीवर!" आमच्याकडे फुजी नव्हता. आमच्या भिंतीवर तळं, एक होडी आणि फुजीचा डावा उतार. शिखर भिंतीपलीकडे, पुरुषांच्या वाट्याला. बायकांच्या बाजूला आख्खा फुजी असलेले सेन्तोही आहेत, पण आमचा नाही, आणि माझा हा राग अजून गेलेला नाही. स्नानगृहात फुजी काढायची चाल 1912 साली टोकियोच्या कान्दा भागातल्या किकाइ-यु नावाच्या सेन्तोत सुरू झाली. चित्रकार कावागोए हे शिझुओकाचे, फुजीच्याच मुलखातले. मुलांना आंघोळीची गोडी लागावी म्हणून काढलं म्हणतात. ही चित्रं सेन्तोच्या सुट्टीच्या एका दिवसात पुरी करायची असतात. काही गोष्टी काढायच्या नाहीत. मावळता सूर्य नको, धंदा मावळेल. लाल झालेलं मेपल नको, पानगळ होईल. माकड नको, कारण माकडाला सारु म्हणतात आणि सारु म्हणजे निघून जाणंही. हे चित्रकार आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत. त्यातल्या तानाका मिझुकी या बाई आहेत. त्यांनी आमच्या भिंतीचं काही करावं अशी माझी इच्छा आहे.

शुक्रवारी गिझर दुरुस्त झाला. शनिवारी मी पुन्हा गेले.

नंतर नंतर चष्मा नसतानाही मला दिसायला लागलं. वाफेची सवय झाली, ठिपक्यांना चेहरे आले. आणि मग लक्षात आलं की मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हातारी शरीरं पाहते आहे. जाहिरातीतली नव्हेत, आजारपणातली नव्हेत, नुसती रोजची. पोटाच्या तीन घड्या. एक स्तन काढलेली बाई, तिचा सपाट, तिरका व्रण, आणि ती निवांत केस धूत बसलेली. कमरेतून काटकोनात वाकलेल्या आजी, ज्या उभ्या राहिल्या की जमिनीकडे पाहतात आणि पाण्यात मात्र सरळ होतात. शेजारी पाच वर्षांची मुलगी, तिच्यामागे तिची आई, सिझेरियनची रेघ माझ्यासारखीच. एका खोलीत पाचपासून पंचाऐंशीपर्यंत बाईचं सगळं आयुष्य ओळीनं बसलेलं असायचं. मी मधे कुठेतरी. पुढे काय आहे ते समोरच्या नळापाशी दिसत होतं आणि ते काही भयंकर नव्हतं.

आमच्या घरात बायकाच बायका होत्या. आजी, आई, दोन काकू, मी, बहीण. पण कुणीच कुणाचं शरीर पाहिलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी महिनाभर चिपळूणला होते. तिला आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा ती परकर छातीपर्यंत बांधून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, "तिकडे बघ जरा." मी नळाकडे पाहत अंदाजानं तिच्या पाठीवर पाणी ओतत होते. साबण ती स्वतः परकराच्या आतून लावत होती. महिनाभर रोज, "तिकडे बघ." ती रागावलेली नव्हती, मीही नाही. ज्या बाईनं मला जन्म दिला तिच्या पाठीवर तीळ आहे का हे मला माहीत नव्हतं, एवढंच.

म्हणून सेन्तोत एकदा साठीच्या बाई आपल्या नव्वदीच्या आईची पाठ घासताना दिसल्या तेव्हा मी हौदातून बराच वेळ पाहत राहिले. पाहू नये, तो शिष्टाचार नव्हे. म्हातारी अधूनमधून बोटानं दाखवायची, इथे नाही, वर. लेक हूं हूं करायची. जपानी लोक एक जुनी कथा सांगतात. आठव्या शतकात कोम्यो नावाच्या सम्राज्ञीनं नवस केला की हजार गोरगरिबांना स्वतःच्या हातानं आंघोळ घालीन. हजारावा आला तो महारोगी. तिनं त्यालाही धुतलं, आणि त्याच्या अंगातून प्रकाश फाकला, तो अक्षोभ्य बुद्ध होता. नाराच्या होक्केजी देवळाशी ही कथा जोडलेली आहे. एकनाथांच्या, गाढवाला गंगा पाजणाऱ्या मुलखातल्या माणसाला ती परकी वाटत नाही. पण माझ्या मनात येतं, हजार परक्यांना धुणं सम्राज्ञीला जमलं. तिनं स्वतःच्या आईची पाठ कधी घासली होती का, ते कथेत नाही.

अशा जागा कमी होत चालल्या आहेत हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको. 1968 मध्ये एकट्या टोकियोत 2,687 सेन्तो होते, आता सव्वाचारशेच्या आसपास. घरोघरी न्हाणीघरं आली, इंधन महागलं, बॉयलर म्हातारे झाले आणि मुलांना पहाटेपर्यंत फरशा घासायच्या नाहीत. आमच्याच भागातली एक उंच धुराडी मी आल्यानंतर पाडली, आता तिथे गाड्या लावतात. उरलेल्यांपैकी काही नटून-थटून पुन्हा उभे राहिलेत, बिअरचा बार, मंद दिवे, तरुणांची रांग. धंदा जगायला हवा हे खरं. पण बाहेर अर्धा तास रांगेत उभं राहून आंघोळ करायची तर मला ते आमच्या पाणी-टंचाईच्या मे महिन्यासारखं वाटतं. माझा तो काळ्या पाण्याचा सेन्तो बरा. त्याचं नाव मी सांगत नाही. 16 नंबरच्या आजींना गर्दी आवडत नाही.

डिसेंबरात, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, हौदात पिवळी युझू सोडतात. लिंबाच्या जातीचं फळ, सालीला नाक भरून टाकणारा वास. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एक फळ तरंगत माझ्या पायाशी आलं आणि टाच आपोआप उचलली गेली. नरकचतुर्दशीची पहाट, न्हाणीच्या दारात कारीट, 'गोविंदा गोविंदा' म्हणत फोडायचं आणि कडू रस जिभेला लावायचा. मी पाय वेळेवर मागे घेतला. वर्षभराच्या इभ्रतीचा प्रश्न होता.

आणि मग एप्रिलच्या शेवटी आई आली. पंचाहत्तरी जवळ आलेली, नवा गुडघा, सोबत अकरा किलो खाऊ आणि दोन पंचे. तिला मी सेन्तोबद्दल फोनवर सांगितलं होतं. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "शी! काहीतरीच." इथे आल्यावर मी तो विषय काढला नाही. 5 मेला मुलांचा सण असतो. संध्याकाळी मी पिशवी घेऊन निघाले तर ती म्हणाली, घरात बसून कंटाळा आलाय, मी आपली बाहेर खुर्चीवर बसेन.

गल्ल्याशेजारी बादलीत हिरव्या, तलवारीसारख्या लांब पानांच्या जुड्या उभ्या होत्या. त्या दिवशी हौदात शोबुची पानं सोडतात. शोबु या उच्चाराचा दुसरा अर्थ शौर्याचा मान राखणं, म्हणून पूर्वी मुलग्यांच्या सणाला ती आली. हे सगळं मी आईला समजावत होते, पण ती ऐकत नव्हती. ती बादलीपाशी गेली, एक पान खालच्या गुलाबी-पांढऱ्या टोकाशी चुरडलं आणि नाकाशी धरलं.

"अगं, हे वेखंड आहे."

मी म्हटलं, नाही गं, हे जपानी काहीतरी. "मला शिकवू नकोस," ती म्हणाली. "तुम्हा दोघींना बाळंतघुटीत उगाळून दिलंय. आंघोळ झाली की टाळूला लावलंय. वेखंडाचा वास मला कळणार नाही?" घरी येऊन मी शोधलं. तिचं बरोबर होतं. वनस्पती तीच. आपल्याकडे वाळलेला कंद, यांच्याकडे ओली पानं. पण तेव्हा ती गल्ल्यासमोर पान हुंगत उभी होती आणि बाई कौतुकानं पाहत होत्या. मग आईनं विचारलं, "आत किती बायका असतील?"

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण तिला आवडणार नाही. लॉकरच्या खोलीत तिनं मला तिकडे बघायला सांगितलं. मी बघितलं. ती पंचा गुंडाळून माझा हात धरून आत आली. स्टुलावर बसायला गुडघा वाकेना तेव्हा कुणीतरी न सांगता उंच स्टूल आणून दिलं. तिनं तसराळं भरलं, डोळे मिटून अंगावर ओतलं. मग दुसरं. पंचा ओला होऊन जड झाला, तशी तिनं तो सोडला, पिळला आणि घडी करून डोक्यावर ठेवला. शेजारच्या सगळ्यांच्या डोक्यावर तसेच होते.

मी तिची पाठ घासायला घेतली. उजव्या खांद्याखाली मोहरीएवढा तीळ आहे. माझ्याही आहे, त्याच जागी, मला बहिणीनं सांगितलेलं. आई म्हणाली, "जोर लाव की. गोंजारतेस काय मांजरासारखं."

वेखंडाचा हौद कोमट, चाळीसच्या आत. पानं तरंगत होती. 16 नंबरच्या आजी आधीपासून आत होत्या. त्यांनी आईच्या गुडघ्यावरच्या उभ्या शिवणीकडे पाहिलं, मग स्वतःचा गुडघा पाण्याबाहेर काढला. तशीच शिवण. आईनं दोन बोटं दाखवली, दोन वर्षं. आजींनी सात दाखवली आणि दुसराही गुडघा वर काढला. दोघी एकमेकींच्या शिवणींकडे जाणकारासारख्या वाकून पाहत होत्या. आई मराठीत म्हणाली, "जिना उतरताना दुखतं ना?" आणि आजी जपानीत काहीतरी जिन्याबद्दलच बोलल्या. मग आजींनी एक लांब पान उचलून आईच्या कपाळाभोवती गुंडाळलं आणि मागे गाठ मारली. डोकं दुखत नाही, शहाणपण येतं, अशी समजूत आहे. मुलांना बांधतात खरं तर.

बाहेर आल्यावर तिनं बाटलीतलं कॉफीचं दूध प्यायलं, साखर फार आहे म्हणाली आणि बाटली रिकामी केली. घरी येऊन पंचा बाल्कनीत वाळत घातला. पर्समधून ते वेखंडाचं पान काढलं, पेल्यात पाणी घालून देवांच्या फोटोशेजारी उभं केलं.

"हे परत कधी असतं गं?"

"पुढच्या वर्षी. 5 मेला."

"ते नव्हे," ती म्हणाली. "ते काळं पाणी राहिलं ना आज. उद्या उघडं असतं का?"